पडद्यावरच्या नवरीचा धवला

"मांडव नाय, हळद नाय, नि धवला म्हनू?" धोंडुबाईने तोंडापुढचा मोबाइल हातानेच बाजूला सारला. "देवांना आवतन धाडायचं, नि ते येऊन बसतील कुठं? तुझ्या लॅपटॉपवर?"

"पडद्यावर हाय ना मांडव, आत्या. ही बघ नवरी."

धोंडुबाईने पदराने चष्मा पुसला. पडद्यावर मिठागराच्या बांधावरून पिवळ्या लुगड्यातली एक पोर डुलत चालली होती.

"हिचा बाप कोन? मामा कोन? धवल्यात नावं घालावी लागतात रं. बिननावाची पोर कुनाची म्हनून उभी करू?"

 डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर क्रेन चालवून उरलेल्या वेळात प्रविण धरमतरच्या खाडीचा व्हिडिओ गेम बनवत होता. पैसे लोकांकडून आधीच मागितले होते, इंटरनेटवर. लागणारी रक्कम जमली, तशी त्याला हाव सुटली. आणखी जमले तर गेममध्ये होडी घालीन, त्याहून जमले तर गेममधल्या लग्नात खऱ्या धवलारणीचा आवाज, असं त्याने लिहून टाकलं. लग्नात धवला गाऊन देवांना मांडवात आणणारी धवलारीण आसपासच्या गावांत आता एकच उरली होती, त्याची ही आत्या. आकडा तोही टप्पा ओलांडून गेला. आत्याला विचारायचं तेवढं राहिलं.

"मला न इचारता माझा गळा लिहून दिलास," ती म्हणाली. रागाने नव्हे. मग उठून आत गेली.

शिफ्टला जाताना बसमध्येच प्रविणने पैसे देणाऱ्यांना कळवलं: धवला जमणार नाही, माफ करा, हवे त्याने पैसे परत घ्या.  पैसे तर लॅपटॉपात आणि माइकात कधीच गेले होते. सुटल्यावर गेटबाहेर उभा राहून त्याने उत्तरं उघडली.

"हरकत नाही."

"धवला म्हणजे काय?"

"मी खाडीचं चित्र बघून पैसे दिले. पुढचं वाचलंच नाही."

रोह्याच्या किमयाने लिहिलं होतं, "अरे, मला तर होडीचंही माहीत नव्हतं. कुणीही गाऊ दे. नाहीतर नुसता वारा ठेव."

पैसे कुणीच परत मागितले नव्हते. आवाजही कुणी मागितला नव्हता. मोकळं वाटायला हवं होतं. प्रविणने मात्र कुणीतरी धवला मागितला असेल म्हणून सगळी उत्तरं पुन्हा पहिल्यापासून वाचली.

घरी आला तर अंगणात चार बांबू उभे, वर आंब्याचे टहाळे. धोंडुबाई न्हाऊन, लग्नातलं हिरवं लुगडं नेसून पाटावर बसलेली. पुढ्यात हळदीची वाटी.

"दिसभर इचार केला," ती म्हणाली. "तुझी मानसं खोळंबली असतील. पोरीचं नाव रंभा. बाप तू. मामा आपला शेजारचा जनू. त्याला इचारलंय हो मी, तुझ्यासारखं नाय."

"आत्या, ऐक ना..."

"लय जनं वाट बघतान का रं?"

तिने काजळही घातलं होतं. प्रविणने मोबाइलवरची उत्तरं बंद केली.

"लय," तो म्हणाला, आणि त्याने माइक सुरू केला.

धोंडुबाईने डोळे मिटले.

*भरती आली, होडीनं या हो,*
*रंभाच्या मांडवा, देवा तुमी या हो...*

गावदेवाला हाक गेली, मग खाडीच्या देवाला, मग एकवीरेला. प्रत्येक नावानंतर ती क्षणभर थांबायची, आणि आलेल्याला बसायला जागा व्हावी म्हणून हळदीची वाटी जराशी आपल्याकडे ओढून घ्यायची.