दोघांची तपासणी

चिकलठाण्याच्या कारखान्यात इलियासच्या फोर्कलिफ्टचं चाक बद्रीनाथच्या पायावरून गेलं. पायाला पट्टी बांधून होते न होते तोच बद्रीनाथनं कंपनीचा दवाखाना डोक्यावर घेतला.

"गांजा फुंकून गाडी चालवतो ह्यो! लघवी तपासा त्याची, म्याडम!"

दारात कामगारांची गर्दी झाली होती. इलियासचा चेहरा काळाठिक्कर पडला. "हॉर्न दिला व्हता मी. तोंड सांभाळून बोल."

फोर्कलिफ्टची जागा आपल्याला डावलून इलियासला दिली, हे बद्रीनाथच्या मनात कधीचं खदखदत होतं. आज तो सोडणार नव्हता.

डॉक्टर प्रेरणा यांनी दोन डब्या काढल्या. "अपघात झाला की दोघांचीही तपासणी होते."

"माझी कशाला? पाय माझा चेचलाय!"

"नकार दिलात तर तसं साहेबांना कळवावं लागेल."

बद्रीनाथनं डबी ओढून घेतली. गांजाला तो कधी शिवला नव्हता. झोपेसाठी रोज भांगेची एक गोळी, एवढंच.

इलियासच्या तपासणीत काहीच निघालं नाही. बद्रीनाथच्या लघवीत मात्र गांजाचा अंश निघाला. शहरातल्या मोठ्या लॅबनंही आठवड्यानं तेच कळवलं.

"भांग म्हंजी काय गांजा व्हय?" तो डॉक्टरांवर ओरडला.

"झाड एकच. लघवीत सापडतं तेही एकच."

"पन त्या टायमाला मी नशेत नव्हतो!"

"ते यातून कळत नाही. रोज घेणाऱ्याच्या लघवीत ते कितीतरी दिवस राहतं. मी तसं लिहिलंय."

साहेबांनी नेमकं तेच वाचलं नाही. बद्रीनाथला घरी बसवलं आणि चौकशी लावली.

कुबडी टेकत बद्रीनाथ गेटवर आला. इलियास स्कूटर काढत होता.

"तू समोर व्हता. चौकशीत सांग, मी शुद्धीत व्हतो म्हनून."

इलियासनं वरही पाहिलं नाही. "चारचौघांत मला गंजेडी म्हणला तू. माझ्या पोरीच्या, लुबनाच्या सोयरिकीवाल्यांच्या कानावर गेलं. त्यांनी नकार कळवला."

"रागात बोललो, भाऊ."

"भाऊ म्हणू नको. जे पाह्यलं तेच सांगीन. तुझ्यासाठी एक शब्द जादा नाय."

विनवायला आलेल्या बद्रीनाथच्या तोंडून पुन्हा शिवीच निघाली. इलियासनं स्कूटरला किक मारली. ती वळणाआड गेली तरी बद्रीनाथ शिव्या घालतच होता. शेवटी वॉचमननं दंडाला धरून त्याला रस्त्याच्या पलीकडं नेऊन सोडलं.