मच्छरदाणीच्या आतल्या माश्या

"आम्ही आजच निघतोय, वहिनी. राग मानू नका," सहा नंबरच्या खोलीतल्या पाहुण्या बाई म्हणाल्या आणि मोजा खाली सरकवून त्यांनी घोटा दाखवला. घोट्याभोवती लाल गांध्यांचं कडंच उठलं होतं. त्यांच्यामागे त्यांचे यजमान एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायाने पोटरी खाजवत होते.

"दोन दिवस तरी थांबा," वहिनी म्हणाल्या. "मी खिडक्यांना नवी जाळी लावून देते."

"खिडकीतून समुद्र बघायचा असता तर घरी चित्र लावलं असतं," यजमान म्हणाले. माणूस वाईट नव्हता. दुपारी त्यांची गाडी गेली. त्या आठवड्यात मुदतीआधी निघून गेलेलं हे तिसरं कुटुंब.

समुद्रकाठी आठ खोल्यांचं विश्रामगृह चालवणाऱ्या या बाईंना सगळं गाव वहिनी म्हणत असे, आणि पाठीमागे चकाचक वहिनी! उशीचा अभ्रा जरा तिरका दिसला तरी त्यांना घास गोड लागत नसे. त्यांचे स्वतःचे यजमान बोटीवर नोकरीला, वर्षातून दोन महिने घरी. घर, खोल्या आणि ऐंशी ओलांडलेले सासरे, हे सगळं त्या एकट्या बघत. हा हंगाम फुकट गेला असता तर विश्रामगृहाला कुलूप लावून शहरात भावाकडे राहायला जाण्याखेरीज गत्यंतर नव्हतं. भाऊ चांगला होता, पण त्याच्या घराच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसे.

आणि हे सगळं कशामुळे? तर माश्यांमुळे! दिसायला अगदी घरातल्या माशीसारखी, पण सोंड सुईसारखी. मोज्यातूनही चावे. कोपऱ्यावरचा न्हावी म्हणे, "घरातली माशी आपल्या जेवणावर बसते, ही आपल्यावर जेवायला बसते. एवढाच काय तो फरक."

तीन वर्षांपूर्वी या माश्या तुरळक होत्या. यंदा वाळूवर पाय ठेवणं मुश्कील झालं होतं. तेव्हा वहिनींनी पदर खोचला, नगरपालिकेला अर्ज लिहिला, आणि सगळ्या किनाऱ्यावर दर आठवड्याला यंत्राने औषध फवारावं म्हणून दारोदार फिरून दोनशे अकरा सह्या गोळा केल्या. सही न करणारी माणसं दोनच निघाली. एक शेजारच्या घरात राहणारी त्यांची धाकटी जाऊ, जिच्या गच्चीवर मधमाश्यांच्या सात पेट्या होत्या. आणि दुसरे त्यांचे स्वतःचे सासरे!

जावेशी बोलणं त्याच दिवशी बंद झालं. "तुझ्या माश्यांसाठी मी माझं घर बुडवू का?" असं वहिनी दारातच म्हणाल्या होत्या. जावेने फक्त दार हळू लावलं होतं, आणि तो हळूपणाच वहिनींना जास्त झोंबला होता.

सासऱ्यांचं न समजण्यासारखं होतं. म्हाताऱ्याने सरकारी फवारणी खात्यात तीस वर्षं काढली होती. गावात त्यांना पंपआजोबा म्हणत. पितळी पंप पाठीला लावून हा माणूस गल्लीत शिरला की आम्ही गावातली पोरं त्या ढगामागे नाचत धावायचो आणि आया कौतुकाने बघायच्या. तो ढग किती विषारी आहे हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. तो पंप अजून कोठीत होता.

"बाबा, आज तरी सही करा," वहिनी ओसरीवर येऊन म्हणाल्या. "शुक्रवारी सभा आहे. लोक विचारतात, घरातल्याच माणसाची सही का नाही?"

"लोकांना सांग, म्हाताऱ्याचा हात थरथरतो."

"कालच तुम्ही सुईत दोरा ओवलात."

"ती सुई होती, सूनबाई. तिच्यात विष नव्हतं."

वहिनी खुर्ची ओढून समोर बसल्या. "मग जन्मभर तुम्ही केलंत ते काय होतं?"

आजोबांनी काठी बाजूला टेकवली. मग म्हणाले, "सांगतो. याच किनाऱ्यावर आम्ही फवारलं होतं. पहिल्या वर्षी माश्या अशा पडल्या की लोकांनी मला खांद्यावर घ्यायचं बाकी ठेवलं. दुसऱ्या वर्षी निम्म्याच पडल्या. तिसऱ्या वर्षी त्या औषधाला सरावल्या. पण तोवर हवेत माश्या टिपणारे चतुर गेले होते, वाळूतले बारके खेकडे गेले होते, आणि माश्या खाणाऱ्या पाकोळ्यांनी आपल्या वळचणीला घरटी करणं सोडलं होतं. माश्या परत आल्या, त्यांना खाणारे मात्र आले नाहीत. पाकोळी पुन्हा दिसायला मला अकरा वर्षं वाट बघावी लागली. कुणी मला दोष दिला नाही. पण मी मोजत होतो."

"म्हणजे पाहुण्यांना माश्यांनी खाऊ द्यायचं आणि आपण बघत बसायचं?"

"असं म्हणालो का मी? मी एवढंच विचारतो, या माश्या येतात कुठून?"

"कुठून म्हणजे? समुद्रावरून!"

"समुद्रात माशी अंडी घालत नाही." आजोबा काठीवर जोर देत उठले. "तुझ्या सासूची ती जुनी मच्छरदाणी आहे ना कपाटात? ती दे मला. आणि माझ्याबरोबर जरा मागच्या बाजूला चल."

मागच्या बाजूला म्हणजे विश्रामगृहाच्या भिंतीमागच्या खोलगट जागेत. तिथे पाहुणे जात नसत, म्हणून वहिनींच्या लेखी ती जागा जणू जगात नव्हतीच. रोज उजाडताच वहिनी आणि कामाच्या दोन बायका दाताळ्यांनी किनाऱ्यावरचं शेवाळ ओढत, हातगाडीत भरत आणि या खोलगटात आणून ओतत. समोरची वाळू कशी धुतल्यासारखी दिसे! तीन वर्षांपूर्वी नगरपालिकेने सुंदर किनाऱ्याचं तांब्याचं पदक त्यांनाच दिलं होतं. मग ओळीतल्या बाकीच्या विश्रामगृहवाल्यांनीही हाच धडा गिरवला. आता त्या सगळ्यांच्या मागे झाडांच्या सावलीत शेवाळाचा ओला, काळा बांधच झाला होता, पुरुषभर उंचीचा.

आजोबांनी ढिगाच्या टोकाचा एक बुटका, सुटा भाग निवडला. त्यावरच्या माश्या पंख्याने हाकलल्या, मच्छरदाणी अंथरली, चार काठ्यांवर जरा उचलून धरली आणि कडा वाळूत पुरून वर दगड ठेवले. आत एकही माशी नाही याची खात्री करायला त्यांनी चष्मा दोनदा पुसला.

कुंपणापलीकडून जाणारा न्हावी थबकला. "काय वहिनी, शेवाळालाही पाहुणचार सुरू केलात वाटतं! की त्याला डास चावतात?"

"तुमच्या जिभेला धार आहे तेवढी वस्तऱ्याला असती तर बरं झालं असतं," वहिनी म्हणाल्या. पण त्यांचे कान लाल झाले होते. म्हाताऱ्याचा हट्ट म्हणून त्यांनी सोडून दिलं.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे सभेच्याच सकाळी, वहिनी हातगाडी घेऊन मागे गेल्या आणि त्यांना वाटलं, मच्छरदाणीवर कुणीतरी काळं फडकं टाकलंय. त्या जवळ गेल्या. फडकं हलत होतं.

माश्या! शेकड्यांनी माश्या! जाळीला चिकटलेल्या, एकमेकींवर चढणाऱ्या, बाहेर पडायला धडपडणाऱ्या. आणि सगळ्या आत! बाहेरून जाळीवर एकही नव्हती.

वहिनींनी दाताळं उचललं आणि शेजारच्या ढिगात खुपसलं. आतून वाफ आली आणि नाक धरायला लावणारा कुबट वास. शेवाळाच्या थराथरांतून पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या, आणि त्यांच्या खाली गव्हाच्या दाण्याएवढे तपकिरी कोष, मुठीमुठीने. कुणी पेरून ठेवल्यासारखे. कुणी कशाला? त्यांनीच! रोज पहाटे, नेमाने, अभिमानाने!

त्या तिथेच हातगाडीच्या दांड्यावर टेकल्या. मागे काठीचा आवाज झाला.

"पूर्वी लाटांनी टाकलेलं शेवाळ तिथेच पातळ पसरून राहायचं," आजोबा म्हणाले. "उन्हाने वाळायचं, वाऱ्याने उडायचं, पुढची भरती उरलेलं न्यायची. मळेवाले गाड्या भरून खताला न्यायचे. वाळलेल्या शेवाळात माशी वाढत नाही. तिला ओल लागते, ऊब लागते, सावली लागते. तू तिला तिन्ही दिल्यास."

"तुम्हाला माहीत होतं?"

"संशय होता. नुसता संशय सांगून सून ऐकते का? तुझी सासूही ऐकत नसे."

वहिनींना हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. "आज सभेत तुम्ही सांगाल?"

"मी नाही. ढीग तुझा, जीभही तुझी. तू गप्प बसलीस तर मीही गप्प बसेन." आजोबा वळले आणि जाता जाता म्हणाले, "पण सही मात्र करणार नाही."

वाचकहो, आपल्यापैकी कुणीही त्या जागी असतं तर काय केलं असतं? ठराव होणारच होता. मच्छरदाणी काढून धुवून ठेवली असती तर कुणाला कळलंही नसतं. वहिनींनी तसा विचार केला नाही असं नाही. सगळी दुपार केला! खोल्या झाडताना केला, चादरी वाळत घालताना केला. तेवढ्यात शेजारच्या गच्चीवर त्यांना जाऊ दिसली. ती पेट्यांच्या दारांना लावायला जाळीचे तुकडे कापत होती. फवारणी होणार हे ती धरूनच चालली होती. न भांडता, न बोलता ती आपल्या मधमाश्यांना कोंडून घ्यायची तयारी करत होती.

वहिनींनी हातातली चादर तशीच दोरीवर टाकली आणि मच्छरदाणी काढायला गेल्या. पण धुवायला नाही. कडा दोरीने घट्ट बांधून त्यांनी ती माश्यांसकट गाठोड्यासारखी उचलली.

सभेला शाळेचं सभागृह भरून गेलं होतं. न्हावी बोलायला उभा होता. "माझ्या हातात वस्तरा, गिऱ्हाइकाचा गळा समोर, आणि माझ्या घोट्याला माशी! उद्या काही झालं तर तुम्ही जबाबदारी घेणार का, अध्यक्षमहाराज?" सगळे हसले. अध्यक्षांनी चष्मा सावरला. "तर मग फवारणीचा ठराव मताला टाकतो. अर्जदार वहिनींना काही बोलायचंय?"

वहिनी पुढे गेल्या आणि गाठोडं टेबलावर ठेवलं. आतून गुणगुण ऐकू आली. अध्यक्षांनी खुर्ची हातभर मागे घेतली.

"या माश्या माझ्या आहेत," वहिनी म्हणाल्या.

सभागृहात खसखस पिकली. मग वहिनींनी सगळं सांगितलं. मच्छरदाणी कुठे लावली, कशी लावली, आत काय सापडलं. "समोरची वाळू स्वच्छ दिसावी म्हणून मी घाण मागे नेऊन साठवली, आणि तिच्यातून जे उडालं ते मारायला तुमच्याकडे विष मागितलं. त्या विषाने माझी चूक मेली नसती. चतुर मेले असते, पाकोळ्या गेल्या असत्या, माझ्या जावेच्या मधमाश्या गेल्या असत्या. माझा अर्ज मी मागे घेते."

आता कुणी हसलं नाही.

"मग त्या ढिगावरच औषध मारू की!" न्हाव्याने तोडगा काढला.

शेवटच्या बाकावरून आजोबा उठले. "मार, बाबा. वरचा बोटभर थर भिजेल. खाली पुरुषभर ढीग तसाच राहील. त्यातून ज्या वाचतील त्यांची पिल्लं पुढच्या खेपेला औषधाला हसतील. मी बघितलंय त्यांना हसताना. ढीग उपसा, उन्हात पातळ पसरा, आणि वाळलं की मळेवाल्यांना द्या. उद्यापासून समुद्र जिथे टाकतो तिथेच त्याला राहू द्या. खोलीतल्या गादीसारखी वाळू झटकायची कशाला?"

"पाहुण्यांना शेवाळ दिसेल!" एक विश्रामगृहवाला ओरडला. "आणि फरक पडायला महिना लागेल. तोवर हंगाम जाईल, त्याचं काय?"

"जाणार असेल तर आधी माझा जाईल," वहिनी म्हणाल्या. "माझ्या तीन खोल्या आजच रिकाम्या आहेत. एक महिना द्या. फरक पडला नाही तर पुढच्या अर्जावर पहिली सही माझी."

मतं मोजली. एक महिना मिळाला, तोही जेमतेम चार हातांच्या फरकाने.

दुसऱ्या दिवशी वहिनी दाताळं घेऊन ढिगाशी गेल्या तर तिथे आधीच कुणीतरी उपसत होतं. धाकटी जाऊ! डोक्याला मधमाश्या हाताळताना घालायची जाळीदार टोपी.

"माझ्याकडे आणखी एक टोपी आहे, ताई," ती म्हणाली. "घालता का? चावतात फार."

वहिनींना बरंच काही बोलायचं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "दे." आणि थोड्या वेळाने, "त्या दिवशी मी फार बोलले गं."

"मला ऐकू आलं नाही. मी दार लावत होते," जाऊ म्हणाली.

आठवड्याभरात न्हावीही आला, फावडं घेऊन, बडबडत. मग एकेक करून इतर आले. मळेवाल्यांच्या गाड्या तर अशा आनंदाने आल्या की वहिनींना वाटलं, इतकी वर्षं आपण यांचंच काहीतरी दडवून ठेवलं होतं.

माश्या संपल्या नाहीत. खरं तेच सांगायला हवं. पण महिन्याच्या शेवटी वाळूवर बसून चहा पिता येऊ लागला, आणि सहा नंबरच्या पाहुण्या बाईंचं पत्र आलं: पुढच्या आठवड्यात येतोय, मोजे आणू का? वहिनींनी उत्तर लिहिलं, एकच जोड पुरे. विश्रामगृहाच्या वळचणीला पाकोळ्यांनी त्या वर्षी दोन घरटी केली. खाली पाहुण्यांच्या अंगावर घाण पडू नये म्हणून वहिनींनी फळी ठोकली, पण घरट्यांना हात लावला नाही. चकाचक वहिनींच्या ओसरीवर पक्ष्यांची विष्ठा! गाव बघायला आलं.

आपण सह्या करणाऱ्यांचे आभार मानतो. ज्यांनी सही केली नाही, आपला राग सोसला आणि आपण शहाणं होईपर्यंत दार हळूच लावून घेतलं, त्यांचे आभार मानायला कोण जातं? वहिनी गेल्या. जावेकडे आधी. आणि मग ओसरीवर, सासऱ्यांसमोर.

"बाबा, तुमच्यामुळे घर राहिलं."

"माझ्यामुळे?" आजोबा मच्छरदाणीची घडी घालत होते. धुतल्यावर तिच्यावरची ठिगळं स्वच्छ दिसत होती, बारीक टाक्यांची, तीसेक तरी. "हिला एक जरी भोक राहिलं असतं ना, तरी तू म्हणाली असतीस, माश्या बाहेरून शिरल्या. तुझ्या सासूने एकही राहू दिलं नाही."

वहिनींनी दुसरी दोन टोकं धरली, आणि दोघांनी मिळून घडी पुरी केली.

मित्रहो, घराची पुढची बाजू आपण सगळेच झाडतो. विष मागायला निघण्याआधी एकदा आपल्याच भिंतीमागे जाऊन यावं. आणि तिथे जे सापडेल ते लपवू नये. उचलावं आणि चारचौघांत टेबलावर ठेवावं!