अकराचं डोकं

मी डोकं बोलतोय. कुणा माणसाचं नव्हे, 'मंगळावरची वस्ती' या मालिकेतल्या अकरा नावाच्या यंत्रमानवाचं. फायबरचा आहे, वरून चंदेरी रंग आहे, आत काहीच नाही. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. मालिकांच्या जगात अशी बरीच डोकी मी पाहिली आणि त्यांचं बरं चाललेलं असतं.

माझा जन्म शेंद्र्याचा, कारखान्यांच्या वसाहतीतला. तिथे रहीमभाई फायबरची कामं करतात, पाण्याच्या टाक्यांची झाकणं आणि गाड्यांचे बंपर. एके दिवशी तात्यासाहेब त्यांच्याकडे आले. तात्यासाहेब म्हणजे मालिकेचे लेखक आणि दिग्दर्शक. त्यांनी शेजारचं एक गोदाम भाड्याने घेऊन त्यात चार ट्रक मुरूम टाकला होता आणि त्याला ते मंगळ म्हणत.

यंत्रमानवाच्या आत घालायला उंच माणूस हवा होता. समोरच्या कंपनीच्या गेटवर रामकिसन वॉचमन होता. उंची सहा फूट दोन इंच, वय पन्नाशीला टेकलेलं. वैजापूरकडच्या आपल्या गावी त्याने नाटकांत कामं केली होती. उंचीमुळे प्रत्येक वेळी भालदार व्हायचा. राजाच्या मागे भाला धरून उभं राहायचं, बोलायचं काही नाही. रामकिसनला मी अरेतुरे करतो, कारण तो चार वर्षं माझ्या आत होता.

रहीमभाईंनी माप घ्यायला टेप काढला. रामकिसनच्या डोक्याला उन्हाचा जाडजूड रुमाल गुंडाळलेला होता. वयाने मोठ्या माणसाला डोक्यावरचं उतरवा म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून रहीमभाईंनी रुमालावरूनच माप घेतलं. शूटिंगच्या पहिल्या दिवशी रामकिसनला वाटलं, नव्या कोऱ्या वस्तूत आपला मळका रुमाल कशाला घालायचा? त्याने तो खिशात ठेवला. दोघांच्या या सभ्यपणात मी त्याच्या डोक्यावर सैल होऊन मागे कलंडलो आणि माझे डोळे त्याच्या डोळ्यांपेक्षा दोन बोटं वर राहिले.

त्यामुळे माझ्यातून त्याला गोदामाच्या छताचे पत्रे छान दिसत, समोरचा माणूस दिसत नसे. समोरचं बघायचं तर मान खाली घालावी लागे. तक्रार करायचं त्याच्या मनात आलं नाही. रहीमभाईंना वाईट वाटेल, असं तो माझ्या आत पुटपुटला.

पहिल्या वर्षी अकरा खलनायक होता. वस्तीवर यायचा आणि एकेकाला गोळी घालायचा. पण नेम धरायला समोरचा दिसायला हवा, म्हणून गोळी घालण्याआधी अकरा प्रत्येकापुढे मान लववायचा. चौथ्या भागात त्याला मरायचं होतं. तेवढ्यात प्रेक्षकांची पत्रं येऊ लागली. वैजापूरच्या एका बाईंनी लिहिलं, "मारायच्या आधी तो नमस्कार करतो. आमचा सार्थक जेवायला हाक मारली तरी मोबाइलमधून मान वर करत नाही."

तात्यासाहेबांनी लगेच एका मुलाखतीत सांगितलं, "अकराची ही लीनता मी मुद्दाम योजली आहे." चौथ्या भागात ठरल्याप्रमाणे अकराला दरीत ढकललं. पाचव्या भागात मुरुमातून एक हात वर आला.

दुसऱ्या वर्षी अकराला पश्चात्ताप झाला. पश्चात्ताप झालेल्या पात्राने पाणी भरायचं असतं, असा काही नियम असावा. तो वस्तीतल्या डॉक्टरबाईंकडे कामाला राहिला. मधले सहा महिने तो विनोदी होता. दारातून जाताना डोकं आपटायचं, एवढाच विनोद. डोकं म्हणजे मी. माझ्या डाव्या कानावरचा टवका त्याच काळातला. तिसऱ्या वर्षी तो विचारवंत झाला. पहिल्या वर्षी ज्याने अर्धी वस्ती संपवली, त्याच्याकडे उरलेली अर्धी लग्नाचा सल्ला मागायला येऊ लागली. यावर कुणीही आक्षेप घेतला नाही.

आता आतली गोष्ट सांगतो, कारण आतली गोष्ट मलाच ठाऊक आहे. अकराचा आवाज रामकिसनचा नव्हता. तो नंतर मुंबईत दुसरे एक गृहस्थ देत. माझं तोंड तर हलतच नाही. त्यामुळे कॅमेऱ्यासमोर रामकिसनने काय बोलावं यावर बंधन नव्हतं. संहितेत असायचं, "मानवी दुःख माझ्या नोंदीत नाही." रामकिसन आतून म्हणायचा, "ताई, लई उकडतंय, आवरा लवकर." समोर डॉक्टरबाईंचं काम करणारी गजाला उभी असायची. शहागंजची पोरगी, कामात पक्की. हे ऐकूनही तिला गंभीर राहावं लागे. राहायची बिचारी.

मग दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तो प्रसंग आला. डॉक्टरबाईंचा नवरा वाळूच्या वादळात सापडून मरतो आणि त्या अकरासमोर कोसळतात. संहितेत अकरासाठी दोनच शब्द होते, 'निश्चल उभा'. गजाला रडायला लागली. खोटं रडणं मी बरंच ऐकलंय, हे तसलं नव्हतं. आतली बडबड थांबली. आधी वाटलं, रामकिसनला चक्कर आली. मग त्याचा हात वर गेला आणि गजालाच्या डोक्यावर टेकला.

"उगी बाय, उगी," तो म्हणाला. हे तिने ऐकलं आणि मी ऐकलं.

तात्यासाहेबांनी 'कट' म्हणायला बराच वेळ लावला. पुढच्या आठवड्याच्या संहितेत लिहिलेलं आलं, की अकराला अंतःकरण फुटलं आहे. त्या दिवसापासून रामकिसन प्रत्येक संवाद पाठ करून येऊ लागला. गेटवर बसून पाठ करायचा, माझ्या आत येऊन नीट म्हणायचा. गजालाने विचारलं, "चाचा, तुमचा आवाज तर ठेवतच नाहीत. मग एवढी मेहनत कशाला?"

"तुम्ही समोर खरंखुरं रडता," तो म्हणाला. "मंग म्या आतून काय बी बडबडावं, हे बरं नाय."

चार वर्षांत अकरा बदलत गेला असं लोक म्हणतात. तात्यासाहेबांनी त्यावर दोन व्याख्यानंही दिली. मला विचाराल तर अकरा कधीच बदलला नाही, कारण अकरा म्हणजे मी आणि मी फायबर आहे. बदलला तो रामकिसन. तात्यासाहेब मागून लिहीत आले. हे मी रागाने सांगत नाही. पण मला रामकिसनचा अभिमान वाटतो आणि तो सांगायला दुसरं कुणी नाही.

चौथ्या वर्षी तात्यासाहेबांनी शेवट ठरवला. शेवटच्या भागात अकरा पूर्ण माणूस होणार, डॉक्टरबाईंसमोर स्वतःचं डोकं उतरवणार आणि आतून चेहरा दिसणार. "चेहरा तुमचाच हो रामकिसन," ते म्हणाले. "दुसरा कुणाचा असणार?"

रामकिसनने ही बातमी गावी कळवली. मुकुंदवाडीत तो राहायचा त्या गल्लीतही सांगितली. आजवर कुणाचा विश्वास बसला नव्हता. ते डोकं कुणीही घालील, म्हणायचे. आता चेहराच दिसणार म्हटल्यावर सगळे गप्प झाले. बायकोला, द्वारकाबाईंना, त्याने सर्वांत शेवटी सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं." द्वारकाबाई मालिका बघत नसत. ती वेळ भाकरीची असायची.

शेवटच्या शूटिंगला रामकिसन दाढी गुळगुळीत करून, मिशा काळ्या करून आला. गोदामात ऋतुराज नावाचा एक तरुण बसला होता. चॅनेलने पाठवला होता. देखणा होता, त्यात शंका नाही. तात्यासाहेब मुरुमाकडे बघत म्हणाले, "चॅनेलचं म्हणणं पडलं, की चेहरा जरा... म्हणजे प्रेक्षकांना एक अपेक्षा असते. चालत मात्र तुम्हीच या. अकराचा अंगरखा त्याला मोठा होतो."

तर रामकिसन चालत आला. सगळं शेवटचं भाषणही त्याने आतून म्हटलं. मग कॅमेरा थांबवला, मला काढलं आणि खुर्चीवर बसलेल्या ऋतुराजच्या डोक्यावर ठेवलं. ऋतुराज चांगला मुलगा होता. खाली बघून म्हणाला, "काका, सॉरी."

"तुमचा काय दोष, साहेब?" रामकिसन म्हणाला. "फकस्त काढताना सावकाश काढा. म्होरून उचला, नायतर कान सोलून निघत्यात." त्याने दोन वेळा करून दाखवलं. तिसऱ्या वेळी ऋतुराजला जमलं. गजाला त्या दिवशी कुणाशी न बोलता घरी गेली.

मालिका संपली, मुरूम उचलला, गोदाम रिकामं झालं. मला भंगारात टाकणार होते. रहीमभाई आडवे आले. "ये मेरे हाथ का काम है," म्हणाले आणि स्कूटरवर पुढे ठेवून मला मुकुंदवाडीला रामकिसनच्या घरी घेऊन आले. फ्रिजवर जागा मिळाली. तिथून दोन्ही खोल्या दिसतात.

शेवटचा भाग दाखवायला दोन महिने होते. मला वाटलं, आज सांगेल, उद्या सांगेल. रामकिसन रोज स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जायचा, पाणी पिऊन परत यायचा. गल्लीतला माणूस भेटला की म्हणायचा, "येतोय, येतोय शेवटचा भाग." एवढ्या लोकांना दिलेला शब्द खोटा कसा पाडायचा, हे त्याला कळत नव्हतं. मला तोंड असतं तर मीच सांगितलं असतं. आहे ते हलत नाही.

अखेर तो दिवस आला. संध्याकाळी सात वाजता पुढची खोली भरली. शेजारच्या सुरेखा सगळ्यांत पुढे बसल्या. रहीमभाई दाराशी उभे राहिले. त्यांना खरं माहीत होतं, त्यामुळे ते सारखं छताकडे बघत होते. रामकिसन मिशा पुन्हा काळ्या करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून भिंतीला टेकून बसला होता. आत द्वारकाबाई भाकऱ्या थापत होत्या.

टीव्हीत अकरा लांबून चालत आला. खोलीत टाळ्या पडल्या. मुंबईच्या आवाजात भाषण झालं. डॉक्टरबाईंचे डोळे भरले. अकराने दोन्ही हात वर नेले, पुढून उचललं, सावकाश. आतून ऋतुराज निघाला. केस जागच्या जागी होते.

सगळ्यांच्या माना रामकिसनकडे वळल्या. मग सुरेखा म्हणाल्या, "आवो, हे कोण?"

मागून कुणी तरी विचारलं, "मंग तुम्ही कुठं व्हता, रामकिसनभाऊ?" दोघंतिघं हसले. वाईट माणसं नव्हती ती, पण हसले. रामकिसन फरशीकडे बघत राहिला. चार वर्षांत मी त्याला एवढा एकटा कधी पाहिला नव्हता. निदान मी तरी त्याच्या डोक्यावर असायचो.

तेवढ्यात द्वारकाबाई पिठाच्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या. टीव्हीकडे त्यांनी नीट निरखून बघितलं.

"ह्या पोराला घाम कुठंय?" त्या म्हणाल्या.

हसणं थांबलं.

"चार वर्सं रोज दोन बनियन पिळल्यात म्या. बादलीभर मीठ निघायचं. आन् हे कोरडं ठणठणीत निघालं?" मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "घाला बरं ते."

"आत्ता?"

"आत्ता. आन् अर्ध्यात नाय काढायचं. सगळं म्हणा, काय म्हणायचं ते."

सुरेखांनी टीव्हीचा आवाज बंद केला. रहीमभाईंनी मला फ्रिजवरून उतरवून रामकिसनच्या हातात दिलं. त्याने मला चढवलं. पंखा त्याच्यापर्यंत पोचत नव्हता, खोलीत तीस माणसं होती आणि त्याचा श्वास माझ्या भिंतींवर आपटत होता. मग सुरुवात केली. मुंबईच्या आवाजात नाही, स्वतःच्या.

"डाक्टरबाई, मला बनवणाऱ्यानं मला हुकूम दिले. मार म्हणला, म्या मारलं. पाणी भर म्हणला, भरलं. शहाणपण सांग म्हणला, ते बी सांगितलं. त्यातलं माझं काय बी नव्हतं. पर जे बदललं ना, ते तुमच्या म्होरं उभं राहून बदललं. ते माझं हाय."

असं चार मिनिटं चाललं. कुठेही अडखळला नाही. तो आवाज आजवर मी आणि गजालाने ऐकला होता. आता गल्लीने ऐकला. सुरेखांनी पदर तोंडाला लावला. मग त्याने दोन्ही हात वर नेले, पुढून उचललं, सावकाश.

चेहरा लाल झाला होता. कपाळावर माझ्या डोळ्यांच्या काठाचा वळ होता. मिशांचा काळा रंग घामाबरोबर ओघळून इस्त्रीच्या शर्टावर उतरला होता. रडत होता की नाही ते सांगता येत नाही, सगळंच ओलं होतं.

द्वारकाबाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि मग खोलीतल्या सगळ्यांकडे.

"हां," त्या म्हणाल्या. "असा निघतो आतून माणूस."

आणि आत गेल्या, कारण तव्यावरची भाकरी करपत होती.

मी अजून फ्रिजवरच आहे. रंग उडत चाललाय. सणासुदीला द्वारकाबाई ओल्या फडक्याने पुसतात, आतूनसुद्धा. माझं काही मागणं नाही, एक सोडून. टीव्हीवर कधी माझ्यासारखं एखादं डोकं चालताना दिसलं, तर शेवटी पडद्यावर नावं सरकतात ती जरा थांबून बघा. आत कोण होतं ते त्यात नसेल, तर कुणाला तरी विचारा. आमच्या मालिकेत ते नव्हतं. तो रामकिसन होता.