थाळीने मोजलेलं पाणी

बंदरावर मला सगळे तोफ म्हणतात. पाठीमागे नाही, तोंडावर. "तोफ आली रे, बोट सरळ बांध," असं एकमेकांना सांगतात आणि दात काढतात. काढू देत. सतरा वर्षं हे एवढंसं बंदर मी सांभाळलंय. कुठली बोट कुठे लागणार, कुठला दिवा विझलाय, धक्क्यावर डिझेल कोणी सांडलं, हे बघायचं मीच आणि ओरडायचंही मीच. गोड बोलून इथे कोणी दोरीसुद्धा उचलत नाही.

माझ्याआधी हे काम बाबांकडे होतं. त्यांनी मला एक गोष्ट नीट शिकवली, पाणी मोजणं. आमच्या बंदराच्या तोंडाशी गाळ साचतो, आणि तो वाळूसारखा घट्ट नसतो, पिठल्यासारखा सैल असतो. नुसता बांबू खाली सोडला तर तो हातभर आत रुततो आणि आपण खूश, वा, काय खोल पाणी आहे! म्हणून बाबांनी बांबूच्या टोकाला घरातली जेवायची थाळी ठोकली, कडा सपाट करून, भोकं पाडून. थाळी गाळावर टेकते, आत जात नाही. त्या थाळीपायी आईने बाबांशी आठवडाभर अबोला धरला होता. रोज ओहोटीला होडी घेऊन जायचं, त्या थाळीने मोजायचं आणि वहीत लिहायचं, हा माझा नेम.

गेल्या वर्षी तोंड इतकं भरलं की ओहोटीला जेमतेम दोन मीटर पाणी राहायला लागलं. मोठ्या बोटींना बंदी घालावी लागली. मग वरच्या ऑफिसातून गाळ काढायचं काम निघालं. ओहोटीलाही चार मीटर पाणी राहील इतकं खोल करून द्यायचं, असा करार. ठेकेदार आला, गाळ काढायची त्याची बोट आली, आणि पहिल्याच आठवड्यात माझं डोकं फिरलं.

काढलेला गाळ टाकायचा तो खोल समुद्रात, जाऊन-येऊन अडीच तासांवर. याची बोट भरून निघायची, आणि मी चहा टाकून, गाळून, पिऊन कप विसळेपर्यंत परत हजर! बंदराच्या तोंडाशी दगडी बांध आहे, त्याच्या पलीकडे वळली की पोट उघडून मोकळी. भरती आली की तोच गाळ पुन्हा आत. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय! मी ठेकेदाराला धक्क्यावरच गाठलं.

"अहो, तुम्ही गाळ काढताय की त्याला हवा खायला नेताय?"

पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडत तो हसला. "ताई, फार चिडता तुम्ही. बीपी तपासून घ्या."

मी वर तीन पत्रं लिहिली. तिसऱ्या पत्रानंतर मोठ्या साहेबांचा फोन आला. "बाई, तुमच्या तक्रारींची माझ्याकडे वेगळी फाईल आहे. दिव्याची तक्रार, दोरीची तक्रार, चिमण्यांची तक्रार. आता गाळाची?" चिमण्यांची तक्रार मी कधीच केली नव्हती. कबुतरांची केली होती. पण तेव्हा माझ्या लक्षात आलं, की रोज ओरडणाऱ्या बाईचं ओरडणं कोणाला ऐकूच येत नाही.

तीन महिन्यांनी काम संपलं म्हणून मोजणी ठेवली. ठेकेदाराचा इंजिनिअर दोरीला पाच किलोचा शिशाचा गोळा बांधून आला. नियमात तसंच लिहिलंय. गोळा पाण्यात बुडाला, गाळात शिरला, आणखी शिरला आणि एकदाचा थांबला. चार मीटर दहा सेंटीमीटर. मी त्याच जागी थाळी सोडली. अडीच मीटर.

"मॅडम, थाळी नियमात बसत नाही," इंजिनिअर म्हणाला.

"मग तो नियम घाला चुलीत. बोट काय गोळ्यासारखी गाळात शिरून चालणार आहे?"

काम पुरं झाल्याच्या दाखल्यावर मी सही केली नाही. माझ्या सहीशिवाय बंदी उठत नव्हती, त्यामुळे जो तो मला पाण्यात पाहायला लागला. सगळ्यात जास्त माझा धाकटा भाऊ. तो तांडेल, म्हणजे बोट तो हाकतो आणि सहा खलाशी त्याच्या हाताखाली. त्याची नवी बोट भरली की पाण्याखाली तीन मीटर जाते. बंदीमुळे चार महिने तो दूरच्या बंदरात बोट लावून राहिला होता, महिन्यातून एकदा घरी यायचा.

असाच एका दुपारी आला होता. आई वाढत होती.

"ताई, कर ना सही. सगळे तुझ्या नावाने बोटं मोडतायत."

"पाणी अडीच मीटर आहे रे बाबा. तुझ्या बोटीला तीन लागतं."

"एवढ्या शिकलेल्या इंजिनिअरला कळत नाही आणि तुला कळतं? बारावी नापास तू!"

"अगं, ते म्हणतायत तर असेल," आई म्हणाली. "तुझंच खरं करायचा हट्ट कशाला?"

मी भात कालवत राहिले. मग तो म्हणाला, "तुला माझं चांगलं झालेलं बघवत नाही. बाबांनी बंदर तुला दिलं, मला समुद्रात ढकललं. तरी तुझं पोट भरत नाही."

मी भरल्या ताटावरून उठले. खरकट्या हाताने तशीच ऑफिसात गेले, तो मागोमाग आला. कपाटातून दाखला काढला, सही ठोकली, शिक्का मारला आणि कागद त्याच्या छातीवर आपटला. "घे! मर एकदाचा!"

हे शब्द माझेच. आपलंच नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारी बाई मी, दुसरं काय!

बंदी उठल्यावर नवव्या दिवशी तो भरल्या बोटीने परत आला. भर दुपार, पूर्ण ओहोटी, वारा चढलेला. मी धक्क्यावर उभी होते. वायरलेसवर त्याला म्हटलं, "बाहेरच थांब. भरती येऊ दे."

"इथे लाटा बघ केवढ्या आहेत! आणि चार मीटर आहे ना आत? तुझीच सही आहे, ताई."

मी नुसती "थांब, थांब" म्हणून किंचाळत राहिले.

आत यायची वाट दाखवायला पाण्यावर तरंगते बोये सोडलेले असतात, त्या बोयांच्या मधून तो अगदी सरळ आला, बाबांनी शिकवलं होतं तसा. तोंडाशी बोट गाळात बसली. इंजिन घुसळत राहिलं, थंड करायच्या पाण्याबरोबर त्याने गाळ ओढला आणि बंद पडलं. बोट आडवी झाली आणि पुढच्या लाटेने तिला बांधाच्या दगडांवर नेऊन आपटलं. खलाशी उड्या मारून निघाले. बर्फाची पेटी सरकली आणि भावाचा पाय तिच्या आणि कठड्याच्या मध्ये सापडला. गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला. दगडांवरून मी त्याला ओढून काढलं, तेव्हा तो "ताई, ताई" करत होता, पाच वर्षांचा असताना करायचा तसाच.

दोन महिन्यांनी चौकशी लागली, माझ्याच ऑफिसात. वरून आलेला अधिकारी टेबलामागे, ठेकेदार खुर्चीत पायावर पाय टाकून, भाऊ कुबडी घेऊन दाराशी. अधिकाऱ्याने कागद वाचला. "तांडेलने लिहून दिलंय, की तो बोयांच्या बाहेरून, चुकीच्या वाटेने आला. म्हणजे दोष त्याचा. त्याचा परवाना रद्द होईल. बाकी कोणावर ठपका नाही. सह्या करू आणि मिटवू."

मी भावाकडे बघितलं. तो मान खाली घालून कुबडीचं रबर सोलत होता. गाढव! मला वाचवायला निघाला होता. दुसरं काहीही न येणारा माणूस समुद्र सोडायला निघाला होता, आणि माझ्याबरोबर त्या पांढऱ्या शर्टालाही फुकटात वाचवत होता.

"खोटं बोलतोय हा!" मी ओरडले. "मधून आलाय. या डोळ्यांनी बघितलंय मी."

"बाई, विचार करून बोला," अधिकारी म्हणाला. "पाणी कमी होतं असं म्हणालात, तर दाखल्यावर सही तुमची आहे."

"माझीच आहे! अडीच मीटर मोजलं आणि चारवर सही केली, रागाच्या भरात. ही वही बघा. आणि वही खोटी वाटत असेल, तर बाहेर ओहोटीच आहे. चला."

तो येईना. मी बांबू घेऊन दारात उभी राहिले आणि आवाज असा लावला की धक्क्यावरचे सगळे लोक खिडकीशी जमले. मग आला. होडीत बसवून त्याला तोंडाशी नेलं. आधी नियमातला तो पाच किलोचा गोळा साहेबांच्याच हाताने सोडायला लावला, मग थाळी. गोळ्याने चार, थाळीने अडीचही नाही.

"आता सांगा साहेब, यातल्या कुठल्या आकड्यावर तुम्ही स्वतःच्या भावाची बोट आत घ्याल?"

परत आल्यावर त्याने पहिला कागद फाडला आणि नवा लिहायला घेतला. तेव्हा कुठे ठेकेदाराचा वरचा पाय खाली आला.

भावाचा परवाना राहिला. दाखला रद्द झाला, गाळ पुन्हा काढायचं ठरलं, तेही त्याच ठेकेदाराने. त्याला नुसती समज मिळाली. समज! मला घरी बसवलं. ते बरोबरच झालं, खोटी सही करणाऱ्या माणसाला बंदरावर ठेवू नये. पण त्याच पत्रात खाली लिहिलं होतं, की नवा माणूस यापुढे नियमाप्रमाणे गोळ्याने पाणी मोजेल. ते वाचून माझ्या अंगाची लाही लाही झाली.

शेवटच्या दिवशी किल्ल्या देऊन बाहेर आले, तर भाऊ धक्क्यावर वाट बघत होता. दोन महिन्यांचं सगळं त्याने तिथेच ओकून टाकलं.

"कोणी सांगितलं होतं तुला खरं बोलायला? मी वाचवत होतो ना तुला! डोकं आहे की नाही?"

"आणि तू काय करणार होतास रे? घरी बसून लसूण सोलणार होतास?"

"सोलला असता! तू बंदराशिवाय काय करणार आहेस, सांग!"

मला रडू आलं. चारचौघांत रडू आलं याचा आणखी राग आला. मी बांबू उचलला आणि त्याच्या हातात कोंबला.

"हे काय?"

"नवा माणूस गोळ्याने मोजणार. पाय बरा होईपर्यंत तू रोज ओहोटीला थाळीने मोज. मग समुद्रावर जाशील तेव्हा तुझ्या खलाशाला शिकव. आणि जे पाणी निघेल ते सगळ्यांना ओरडून सांग. तुझं ऐकतील, तू रोज ओरडत नाहीस."

तो थाळीकडे बघत राहिला. कडेला अजून ओला गाळ होता.

"आणि कोणाच्याही सांगण्यावरून ही थाळी काढलीस," मी डोळे पुसत म्हणाले, "तर दुसरं तंगडं मी मोडीन."