गाडलेली गाठ

बुधवारच्या बाजारात इतकी गर्दी उसळली होती की गाढवांनाही वाट मिळेना. मधोमध पांढऱ्याशुभ्र झग्यातला, रोग बरे करतो म्हणणारा सी मिमून, म्हणजे मिमूनबाबा. त्याच्या हातात गुलाबाची बिनपानांची काटेरी काडी, खाली उघडी मुळं, मुळांच्या वर फुगीर गाठ.

"मेलीय की नाही?"

"मेलीय, बाबा!"

"आणि ही गाठ? हा तुमचा आजार! काडी रात्रभर माझ्या पाण्यात ठेवा, मग गाठ कुंडीत गाडा. पालवी फुटली की रोगी बरा. पुढचं ज्याचं त्याच्या कानात सांगेन."

आमच्या खोऱ्यात गुलाब घरोघरी आहे, पण तो बांधावरचा. फुटवा उपटायचा आणि तसाच मातीत खोचायचा. त्याला ना कुंडी, ना गाठ. त्यामुळे गाठ दिसताच भल्याभल्यांची अक्कल चरायला गेली. मी मेकनेस शहरातल्या रोपवाटिकेत नऊ वर्षं असल्या गाठी बांधल्या आहेत. एक काडी मीही त्याच्याकडून आणली, साध्या पाण्यात भिजवून कुंडीत लावली, उन्हात ठेवली आणि रोज सकाळी तिला मनसोक्त शिव्या घातल्या.

महिन्याभराने शेजारची इत्तो पालवलेली कुंडी घेऊन बाजारात आली. बोटाला धरलेली तिची लेक तुदा, फेफऱ्याची पोर. लोक ओरडले, "बरी झाली!"

मी माझी कुंडी पुढे ठेवली. तिला तर कळी आली होती.

"हद्दाताई, तुमच्या मनात श्रद्धा लपली असेल," मिमून गोड हसला.

"शिव्यांत लपली होती होय रे?" मी त्याच्याजवळची एक काडी ओढली आणि गाठ उभी चिरली. "बघा! खाली रानगुलाब, वर दुसऱ्या गुलाबाचा डोळा, म्हणजे कोंब, बसवलेला. सांधा आहे हा, आजार नव्हे. थंडीत उपटलेलं झाड झोपलेलं असतं. माती, पाणी, ऊन मिळालं की उठतं!"

तेवढ्यात तुदा कोसळली. हातपाय झटके देऊ लागले. मी तिला कुशीवर वळवलं.

"इत्तो, फेफऱ्याची गोळी शेवटची कधी दिलीस?"

इत्तोने कुंडीच आपटली. मुळांभोवती पांढरा लगदा होता. "गाठीबरोबर गोळ्याही गाड, असं कानात सांगितलं गं यानं!"

दवाखान्यातून तुदा परतली, हे नशीब. मिमून त्या गडबडीत पसार झाला. त्याची अर्धी गिऱ्हाइकं अजून त्याची वाट बघतात, त्यांच्या डोक्यात काय गाडलंय कोण जाणे.

इत्तोने तो गुलाब बांधावर लावला आहे. तुदा आधी गोळी घेते, मग त्याला पाणी घालते. एवढंच समजून घ्या, बाबांनो: माती झाडाला, औषध माणसाला.