दाराचा डंबेल

मी एक जुना डंबेल आहे, मित्रांनो. वजन अवघं एक किलो, तेव्हा फुशारकी मारायला फारसा वाव नाही. कारखान्यात मला ओतलं, वर निळं रबर चढवलं आणि टेम्पोत घालून बेलापूरला आणलं. बजरंगदादांनी तेव्हा नवी जिम काढली होती. बाहेर पाटी लावली होती, 'नवशिक्यांचं स्वागत'. त्या नवशिक्यांसाठीच मला घेतलं होतं.

पण नवशिके आले ते थेट मोठ्या वजनांकडे धावले. मला हातात धरून आरशात रुबाब दिसत नाही म्हणे. पुढे जिमचं दार वाऱ्याने आपटायला लागलं, तेव्हा दादांनी मला दाराखाली अडकवलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या लाथा खात मी तिथेच पडून राहिलो. फार वाईट वाटायचं.

एका सकाळी राहीबाई आल्या. साठीच्या शेतकरी बाई. डॉक्टरांनी त्यांना हलका व्यायाम सांगितला होता. आत मारुतीची तसबीर दिसताच त्यांनी नवे कोरे बूट उंबऱ्याबाहेर काढले. पोरं गालातल्या गालात हसली.

"आजी, इथं बूट घालूनच यायचं," शिकवणारी दिशा म्हणाली.

"देवाम्होरं?"

राहीबाईंनी आधी अनवाणी नमस्कार केला आणि मग बूट घातले.

"खांदा लई आखडलाय बाई. हात डोक्यामागं जात न्हाई. माजा अंबाडा सून घालून देती. त्यो माजा मला घालता आला पायजे, एवढंच हाय."

दिशाने इकडेतिकडे पाहिलं आणि मला दाराखालून ओढून काढलं. दार धाडकन आपटलं.

"तो दाराचा हाय," दादा म्हणाले.

"आता नाही, दादा," दिशा म्हणाली.

सुरुवातीला राहीबाई मला जेमतेम छातीपर्यंत उचलायच्या. डोळ्यांत पाणी यायचं. हळूहळू हात कानापर्यंत गेला आणि तिथेच अडला. एक दिवस त्यांनी मला खाली ठेवलं. "न्हाई जमायचं," म्हणाल्या आणि यायच्या बंद झाल्या. मी पुन्हा दाराखाली गेलो. आता लाथांपेक्षा त्यांचीच काळजी जास्त वाटायची.

मग एकदा त्या पिशवीत वीट घेऊन आल्या. वीट दाराला लावली, मला पदराने पुसलं आणि व्यायामाला लागल्या.

खंडेनवमीला जिममध्ये पूजा झाली. त्या दिवशी वजनं उचलायची नसतात. मोठ्या यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या. माझ्यापर्यंत येईतो फुलं संपली. तेवढ्यात राहीबाई आल्या.

"आजी, आज सुनेनं अंबाडा वाकडा घातलाय," दिशा म्हणाली.

"सून कवाच रानात गेली. म्याच घातलाय."

त्यांनी तोच हात मागे नेला, अंबाड्यात खोवलेलं शेवंतीचं फूल काढलं आणि माझ्यावर ठेवलं.

मित्रांनो, माझं मागणं थोडकंच आहे. व्यायाम झाला की मला जागेवर ठेवा. दाराला वीट पुरते.