बंद आहे

पाटी:
बंद आहे

लिहिली वहिनींनी. वहिनी म्हणजे प्रयोगशाळेतल्या सहायक. त्यांचा सख्खा दीर तिथेच वायरमन. तो वहिनी म्हणतो म्हणून सगळेच म्हणतात, वयाने मोठे असलेले सरसुद्धा. पाटी विजेच्या भट्टीवर लावली होती. भट्टी तीन दिवस तापत नव्हती. पाटीत खोटं काही नव्हतं.

दिराने पाटी वाचली. मागचं झाकण उघडलं. डावा हात खिशात घातला. उस्तादाने शिकवलं होतं, एक हात खिशात असला की करंटला छातीतून वाट मिळत नाही. उजव्या हाताने टेस्टर लावला. तोही सवयीने.

टेस्टर पेटला.

"वहिनी, ही बंद आहे ना?"

"बंदच आहे. तीन दिवस झाले."

"मग टेस्टर का पेटला?"

"टेस्टर चांगला असेल."

इथे गोष्ट जरा थांबते, कारण दीर थांबला.

"वहिनी, बंद म्हणजे काय?"

"बंद म्हणजे बिघडलेली. आपला मिक्सर बंद आहे तशी."

"बंद म्हणजे बटण बंद! मी आता पान्हा लावणार होतो."

"बटण बंद असतं तर पाटी बटणाला लावली असती, भावजी."

कॉइल तुटली होती. वीज तुटली नव्हती. एवढंच.

सर आले. त्यांनी भाषा सुधारली.

पाटी:
(खोडलेलं) चालू नाही

"म्हणजे?" दिराने विचारलं.

"म्हणजे तेच," सर म्हणाले आणि त्यांनी पेन परत उघडलं.

पाटी:
(खोडलेलं) (खोडलेलं) बंद आहे पण बंद नाही

"सर, हे वाचून समजेपर्यंत माणूस जायचा."

कोणी हसलं नाही. वहिनींनी पाटी काढली, मेन स्विच पाडला, फ्यूज उपटला.

"द्या, खिशात ठेवतो," दीर म्हणाला.

"तुमच्या खिशात हात असतो. तो हात कधी बाहेर येईल, भरवसा नाही." त्यांनी फ्यूज मुठीत धरला.

दिराने टेस्टर लावला. पेटला नाही. शेजारच्या सॉकेटला लावून पाहिला. पेटला. परत भट्टीला. नाही. मग त्याने पान्हा घेतला.

चाळीस मिनिटं वहिनी तिथेच उभ्या होत्या. चहा आला, गार झाला. सर कागद घेऊन आले.

"वहिनी, एक सही."

वहिनींनी उजव्या मुठीकडे पाहिलं.

"नंतर, सर. हातात भावजी आहेत."